लॅपटॉपचा पंक्तिप्रपंच

'फुकट' हा शब्द उच्चारताना माणसाच्या ओठांना जो बाक येतो, तो दुसऱ्याच्या पानात काय वाढले आहे हे पाहून येतो. स्वतःच्या पानाकडे पाहून तो आल्याचे आमच्या ऐकिवात नाही. वेस्ट मांबलमच्या गल्ल्यांतून बिऱ्हाडे थाटून राहिलेल्या आणि सकाळी मांबलम स्टेशनावर लोकल पकडून कोणी नुंगम्बाक्कमला, कोणी एग्मोरला, तर कोणी फोर्टला कचेरी गाठणाऱ्या आपल्या मराठी अधिकारीवर्गात, तामिळनाडूच्या शाळांतील मोफत लॅपटॉपांचा विषय निघाला की हा बाक हमखास दिसतो. मते विकत घेण्याची ही युक्ती, करदात्यांच्या पैशाची ही उधळण, पोरांना सिनेमे पाहण्यासाठी दिलेले हे खेळणे, असा अभिप्राय दोन वाक्यांत दिला जातो आणि मग मंडळी बदलीच्या गोष्टींकडे वळतात. आमचे मत याच्या नेमके उलट आहे. शाळेच्या वरच्या वर्गांतील प्रत्येक मुलाला, गरीब-श्रीमंत असा भेद न करता, लॅपटॉप मिळाला पाहिजे. तो शाळेने दिला पाहिजे. आणि तो देणे हा उपकार नसून शिक्षणाचाच एक भाग आहे, असे आम्ही मानतो. ज्यांनी या गोष्टीची टवाळी चालविली आहे, त्यांस तसे करण्याचा अधिकार कितपत पोहोचतो, हेही या निमित्ताने तपासून पाहणे आम्हांस अगत्याचे वाटते.

प्रथम वस्तुस्थिती. 2011 सालच्या निवडणुकीत दिलेल्या वचनानुसार जयललिता यांच्या सरकारने त्याच वर्षी 15 सप्टेंबर रोजी ही योजना सुरू केली. सरकारी आणि अनुदानित शाळांतील उच्च माध्यमिक वर्गांच्या, म्हणजे आपल्याकडील अकरावी-बारावीच्या, मुलामुलींना आणि त्यांच्या बरोबरीने सरकारी व अनुदानित महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांना लॅपटॉप द्यावयाचा, असे तिचे स्वरूप होते. खरेदी एल्कॉट या सरकारी महामंडळाने निविदा काढून केली. आरंभीच्या यंत्रांत विंडोजच्या जोडीला बॉस ही मुक्त प्रणालीही घातलेली होती. पुण्याला मुख्यालय असलेल्या सी-डॅकने ती याच चेन्नई शहरात घडविली, ही गोष्ट आपल्यापैकी फार थोड्यांस ठाऊक असेल. पुढील आठ-नऊ वर्षांत 50 लाखांहून अधिक यंत्रे वाटली गेली आणि त्यापायी 7,000 कोटी रुपयांच्या वर खर्च झाला. हिशेब केला तर एका यंत्रामागे सरासरी 14,000 रुपयांच्या आसपास रक्कम पडते. या वाटपाविरुद्ध न्यायालयातही धाव घेण्यात आली होती. सुब्रमण्यम बालाजी विरुद्ध तामिळनाडू या खटल्यात 5 जुलै 2013 रोजी निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने अशी जाहीरनाम्यातील वचने कायद्याच्या अर्थाने भ्रष्ट आचार ठरत नाहीत असे सांगितले आणि असे वाटप राज्याच्या मार्गदर्शक तत्त्वांशी संबंधित असल्याचे मान्य केले; मात्र जाहीरनाम्यांसाठी नियमावली करण्यास निवडणूक आयोगास फर्माविले. म्हणजे कायद्याचा प्रश्न त्या वेळेपुरता तरी निकालात निघाला. उरला तो नीतीचा आणि शहाणपणाचा.

नीतीचे पाहू. 14,000 रुपयांचा हा आकडा मनात धरून वाचकांनी क्षणभर स्वतःच्या पगारपत्रकाकडे वळावे. केंद्र सरकारच्या नोकरास पहिल्या दोन अपत्यांसाठी शिक्षणभत्ता मिळतो. सातव्या वेतन आयोगानंतर तो मुलामागे महिना 2,250 रुपये होता. महागाई भत्ता 50 टक्क्यांवर पोहोचल्यावर, 1 जानेवारी 2024 पासून, तो 2,812 रुपये 50 पैसे झाला. प्रत्यक्ष खर्च किती झाला याची चौकशी न करता तो ठरलेल्या दराने मिळतो. वर्षाकाठी एका मुलामागे हे 33,750 रुपये झाले. त्या रकमेत तामिळनाडूच्या दराचे दोन लॅपटॉप येऊन वर काही शिल्लक उरते. आणि ही रक्कम एकदा नव्हे, तर दरसाल. पुढे आणखी आहे. जुलै 2023 मध्ये अर्थमंत्रालयाच्या खर्च विभागाने नियम केला, की उपसचिव व त्यावरील दर्जाच्या अधिकाऱ्यास सरकारी कामासाठी 1 लाख रुपये व त्यावर कर एवढ्या किंमतीचे लॅपटॉपसारखे यंत्र द्यावे. त्याची मुदत चार वर्षांची असावी. आणि मुदत संपल्यावर, आतील सरकारी माहिती पुसून, ते त्या अधिकाऱ्याने स्वतःपाशी ठेवावे. यंत्र देशी बनावटीचे असेल तर मर्यादा त्याहूनही अधिक. या नियमात गैर काही आहे, असे आमचे म्हणणे नाही. कामाला हत्यार लागते आणि ते मालकाने पुरवावयाचे असते. परंतु दर चार वर्षांनी लाखाचे यंत्र घरी राहते तेव्हा ती 'प्रशासकीय गरज', आणि तिरुवल्लूरच्या शेतमजुराच्या मुलीस आयुष्यात एकदा चौदा हजारांचे यंत्र मिळते तेव्हा ती 'रेवडी', हा न्याय कोणत्या स्मृतीत सांगितला आहे, हे आम्हांस कोणी दाखवून द्यावे.

आपल्या भाषेत या वागण्यास एक नेमका शब्द आहे: पंक्तिप्रपंच. एकाच पंगतीत बसलेल्यांपैकी कोणास तूप आणि कोणास नुसते वरण वाढणे, यास आपल्या आजीपणजींनी पाप मानले. येथे तर ज्याच्या पानात तूप पडले आहे, तोच शेजाऱ्याच्या वाटीकडे पाहून 'फार होते हो' म्हणतो.

पंगतीचा विषय निघाला म्हणून याच शहरातील एका जुन्या पंगतीची आठवण देतो. वेस्ट मांबलममधून दुराईस्वामी सबवे ओलांडला की रुळांपलीकडे जे टी. नगर लागते, ते ज्यांच्या नावाने वसले त्या सर पी. त्यागराय चेट्टी यांच्या कारकीर्दीत मद्रास महापालिकेने 1920 साली थाउजंड लाइट्स भागातील आपल्या शाळेत मुलांना दुपारचा फराळ देण्यास आरंभ केला. खर्चाची मर्यादा होती मुलामागे रोज एक आणा. पुढे 1956 मध्ये कामराजांनी शाळेतील भोजन राज्यभर नेले आणि 1982 मध्ये एम. जी. रामचंद्रन यांनी त्याचा विस्तार केला. मुले शिकण्यासाठी नव्हे, जेवण्यासाठी शाळेत येतील. सरकारचे काम शिकविणे की भात रांधणे. हा सारा मतांचा खेळ आहे, असे आक्षेप त्या काळीही घेतले गेले. 2001 च्या नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयाने देशभरच्या प्राथमिक शाळांत शिजवलेले अन्न देण्याचा आदेश दिला आणि ज्या गोष्टीस हसत होते ती सर्व राज्यांचे कर्तव्य होऊन बसली. आज महाराष्ट्रातील शाळेच्या खिचडीस कोणी लाच म्हणत नाही. आणि मराठी माणसास तर हे नवे वाटण्याचे काहीच कारण नाही. तंजावरच्या सरफोजी महाराजांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी ओरत्तनाडूच्या मुक्तांबाळ छत्रात वाटसरूंच्या अन्नाबरोबरच मुलांच्या मोफत अध्ययनाची सोय केली होती. या मुलखात मोफत शिक्षण देणाऱ्यांत आपलेच पूर्वज होते. त्यांचे वारस म्हणवून घेणाऱ्यांनी तरी दातृत्वास हसू नये.

आता शहाणपणाचा प्रश्न. आपल्या मंडळींचा पहिला आक्षेप असा, की आम्ही पाटी-पेन्सिलीवर शिकलो, कंदिलाखाली अभ्यास केला आणि तरी अधिकारी झालो. यांनाच यंत्र कशाला? हे म्हणणे ऐकावयास बाणेदार आहे, पण त्यात एक गोम आहे. पाटीच्या काळी परीक्षाही कागदावर होती आणि कचेरीही कागदावर चालत होती. जिल्हाधिकाऱ्याच्या मुलाची उत्तरपत्रिका आणि कुळाच्या मुलाची उत्तरपत्रिका एकाच टाकाने लिहिली जात होती. आज तसे राहिलेले नाही. अभियांत्रिकीची जेईई मेन ही परीक्षा 2019 पासून संगणकावर होते. कर्मचारी निवड आयोगाने आपल्या मोठ्या परीक्षा 2016 पासून संगणकावर नेल्या. बँकांची आणि रेल्वेची भरती त्याच मार्गाने चालते. आपल्या कचेऱ्यांत ई-ऑफिस आल्यापासून टिपणीसुद्धा पडद्यावर लिहावी लागते आणि नव्याने रुजू झालेल्या कारकुनास कळफलक चालविता येत नसेल तर त्याच्याविषयी आपण काय बोलतो, ते वाचकांस सांगावयास नको. ज्या दारातून आत यावयाचे ते दार संगणकाचे करून ठेवावयाचे आणि त्या दाराची किल्ली मात्र ज्याच्या बापाच्या खिशात दाम आहे त्यालाच मिळू द्यावयाची, यास गुणवत्ता म्हणत नाहीत.

दुसरा आक्षेप: प्रत्येकाच्या घरी मोबाइल आलाच आहे, मग लॅपटॉप कशाला? हा आक्षेप घेणाऱ्याने स्वतःची वार्षिक कामगिरीची टिपणी एकदा मोबाइलवर लिहून पाहावी. मोबाइल हे पाहण्याचे आणि ऐकण्याचे यंत्र आहे. लिहिण्याचे, मांडण्याचे, आकडेमोड करण्याचे नव्हे. दहा पानांचा निबंध, प्रयोगाचा तक्ता, संगणकाच्या भाषेतील आज्ञावली ही कामे बोटभर पडद्यावर होत नाहीत. शिवाय घरातील एकुलता एक मोबाइल बाप कामावर निघाला की त्याच्याबरोबर जातो. 2020 च्या मार्चमध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा या साध्या गोष्टीने देशभरातील किती मुलांना शिक्षणातून बाहेर ढकलले, ते आपण पाहिले आहे. त्या उन्हाळ्यानंतर तामिळनाडूत बारावीच्या मुलांजवळ असलेल्या या सरकारी लॅपटॉपांत धड्यांच्या चित्रफिती भरून देण्यात आल्या. टवाळीचा विषय झालेले खेळणे त्या दिवसांत शाळा होऊन बसले. इंटरनेट नसलेल्या घरातही ते चालले. कारण धडा यंत्राच्या पोटात होता.

तिसरा आक्षेप मात्र वजनदार आहे आणि त्यास उत्तर देणे आमचे कर्तव्य आहे. लॅपटॉप दिल्याने मुले अधिक शिकतात, यास पुरावा काय? पेरू देशाने लाखो मुलांस लहान लॅपटॉप दिले. 2012 मध्ये इंटर-अमेरिकन विकास बँकेच्या अभ्यासकांनी 319 ग्रामीण प्राथमिक शाळांची पाहणी प्रसिद्ध केली, तीत गणितात वा भाषेत प्रगती झाल्याचे आढळले नाही. आपल्याच महाराष्ट्रात, रायगड जिल्ह्यातील कर्जतजवळच्या खैराट या वाडीतील शाळेत 2007 मध्ये त्याच जातीची हिरवी-पांढरी यंत्रे वीसेक मुलांच्या हाती देण्यात आली होती. त्याआधी 2006 मध्येच केंद्रीय मनुष्यबळ विकास मंत्रालयाने, आम्हांस वर्गखोल्या आणि शिक्षक अधिक निकडीचे आहेत असे सांगून, अशा यंत्रांची देशव्यापी कल्पना नाकारली होती. स्वीडनसारख्या संपन्न देशाने 2023 पासून लहान मुलांच्या हातचे पडदे कमी करून पुन्हा छापील पुस्तकांवर भर दिला. हे सारे आम्हांस मान्य आहे. किंबहुना आमच्या म्हणण्यास ते पोषकच आहे. कारण हे सर्व दाखले कोवळ्या वयाचे आहेत. अक्षर गिरविण्याच्या वयात मुलास पुस्तक, वही, मैदान आणि शिक्षक हवा. त्या जागी यंत्र ठेवणारा मूर्ख होय. पण सोळा वर्षांच्या मुलीची गोष्ट निराळी. तिला अक्षर शिकावयाचे नसून अक्षराचा उपयोग करावयाचा आहे. दोन वर्षांनी ती महाविद्यालयात जाईल आणि तेथे पहिल्याच आठवड्यात तिच्या शेजारी अशी मुलगी बसेल, जिच्या घरी तिसरीपासून संगणक आहे. पेरूने पहिलीपासून दिले, तामिळनाडूने अकरावी-बारावीला दिले, हा भेद लक्षात न घेता दोहोंस एकाच काठीने हाकणे हा अभ्यास नव्हे.

चौथा आक्षेप खास आपल्या वर्गाचा आहे: द्यावयाचे तर गरजूंनाच द्या, सरसकट कशाला? फायलीवर ही टीप फार शोभते. परंतु गरजू कोण, हे ठरविताना काय होते ते आपल्याइतके कोणास ठाऊक? तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला, त्यासाठी बुडालेली दोन दिवसांची मजुरी, दाखल्यावरील आकडा मर्यादेहून पाचशेने अधिक निघाल्यास नकार, आणि जो खरा सधन आहे त्याचा दाखला मात्र बिनबोभाट हजर. शिवाय वर्गातील चाळीसांपैकी पंधरांजवळच यंत्र असेल तर शिक्षक त्यावर काम नेमून देऊ शकत नाही. प्रत्येकाजवळ असेल तरच ते शाळेचे साधन होते. आणि 'गरिबांचा लॅपटॉप' असा शिक्का बसला, की तो दप्तरातून बाहेर काढण्याची मुलास लाज वाटू लागते. पंगत एकदा मांडली की वाढणाऱ्याने कोणाची मिळकत विचारावयाची नसते. सर्वांना देणे हेच येथे स्वस्त, हेच सोपे आणि हेच सन्मानाचे आहे.

ही योजना निर्दोष होती, असे मात्र आम्ही म्हणणार नाही. यंत्रांवर मुख्यमंत्र्यांचे चित्र छापणे हा शुद्ध अशिष्टपणा होता. पाठ्यपुस्तकाच्या मुखपृष्ठावर अर्थमंत्र्याचे छायाचित्र आपण खपवून घेऊ काय? काही यंत्रे जुन्या बाजारात विकली गेली. काही इतकी उशिरा आली, की शाळा सोडून गेलेल्या मुलांनी राहिलेल्या लॅपटॉपांसाठी 2019 च्या मध्यास ठिकठिकाणी निदर्शने केली. बिघडलेले यंत्र कोठे न्यावे, याची नीट व्यवस्था नसल्याने रिची स्ट्रीटच्या दुकानदारांचे फावले. शिक्षकांस त्या यंत्रावर कसे शिकवावे याचे शिक्षण यंत्रांच्या मानाने फार थोडे मिळाले. परंतु हे सर्व दोष मोजून झाल्यावर त्यांतून निष्कर्ष कोणता निघतो? यंत्र वेळेवर द्या, चित्राविना द्या, दुरुस्तीसह द्या, शिक्षक तयार करून द्या, असा. 'देऊ नका' असा निष्कर्ष त्यांतून काढणारा, खिचडीत खडा सापडला म्हणून चूल मोडावयास निघालेला असतो. खेदाची गोष्ट ही, की चूल विझलीच. महामारीच्या काळात वाटप थांबले. पुढे 2025 च्या मार्चमधील अर्थसंकल्पात महाविद्यालयांच्या 20 लाख विद्यार्थ्यांना दोन वर्षांत संगणक वा टॅब देण्याची आणि त्यासाठी 2,000 कोटी रुपयांची घोषणा झाली, तेव्हा शाळेतील मुले तिच्या बाहेर राहिली. जी मुलगी महाविद्यालयापर्यंत पोहोचतच नाही, तिला सर्वांत अधिक गरज होती. तिच्याच हातचे काढून घेतले गेले. टीका करावयाची तर ती येथे करावी.

शेवटचा आक्षेप खर्चाचा. आणि तो तर मराठी इतिहासात फार जुना आहे. 1911 मध्ये नामदार गोखल्यांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले, तेव्हा विरोधकांच्या मुखी हेच होते: पैसा कोठून आणणार? पुढील वर्षी ते 38 विरुद्ध 13 मतांनी फेटाळले गेले. विधेयक पाडणाऱ्या त्या 38 जणांस आज कोण आठवतो? त्याआधीच, महाराष्ट्राबाहेर, बडोद्यात सयाजीराव गायकवाडांनी 1906 मध्ये आपल्या सर्व राज्यात मोफत व सक्तीचे शिक्षण सुरू केले होते आणि 1917 मध्ये कोल्हापुरात शाहू महाराजांनी तोच मार्ग धरला. लहानशा संस्थानांस जे परवडले ते साम्राज्यास परवडत नव्हते! पैसा नसतो तो नेहमी दुसऱ्याच्या मुलासाठी.

आज तामिळनाडूस हसणाऱ्या मराठी माणसाने आपल्या प्रांताकडेही एकदा पाहावे. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या 2017-18 च्या फेरीत देशातील ग्रामीण भागात शंभर घरांपैकी जेमतेम साडेचार घरांत संगणक आढळला. ग्रामीण महाराष्ट्राचा आकडा त्याहूनही कमी, सुमारे तीन. ग्रामीण तामिळनाडूचा अकराच्या वर. औद्योगिक प्रगतीचा टेंभा मिरविणारा आपला महाराष्ट्र खेड्यातील घरात संगणक पोहोचविण्यात या 'रेवडी'वाल्या राज्याच्या तिपटीहून मागे राहिला, याचे कारण शोधावयास फार दूर जावे लागत नाही. खैराटचा प्रयोग चार वर्षे आधी आपल्याकडे झाला. 2015 मध्ये मुंबई महापालिकेने दप्तराचे ओझे हलके व्हावे म्हणून आठवीच्या मुलांना टॅबही दिले. पण प्रत्येक वेळी प्रयोगाचे उद्घाटन झाले, छायाचित्रे निघाली आणि राज्यव्यापी योजना काही झाली नाही. रोजगार हमीसारखी कल्पना देशास देणाऱ्या राज्यास हे शोभत नाही.

म्हणून आमची मागणी स्पष्ट आहे. अकरावीत पाऊल टाकणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्यास शाळेने प्रवेशाच्याच महिन्यात लॅपटॉप द्यावा. तामिळनाडूने पुन्हा द्यावा, महाराष्ट्राने नव्याने द्यावा आणि केंद्रीय विद्यालयांत केंद्राने द्यावा. त्यात मातृभाषेत लिहिण्याची सोय पहिल्या दिवसापासून असावी. तालुक्याच्या गावी दुरुस्तीचे केंद्र असावे. आठवीपर्यंतच्या मुलांना मात्र पुस्तके, ग्रंथालय आणि शिक्षक यांवाचून दुसरे यंत्र देऊ नये.

यात आपल्या वाचकांनी काय करावे, असे कोणी विचारील. आपण सामान्य वाचक नव्हे. टिपणी लिहिणारे आहात. आपल्यापैकी कित्येकजण केंद्रीय विद्यालयांच्या व्यवस्थापन समित्यांवर बसतात. त्या शाळांत साहेबाचा मुलगा आणि त्याच साहेबाच्या शिपायाचा मुलगा एका बाकावर बसतात. एकाच्या घरी तीन संगणक असतात, दुसऱ्याच्या घरी एकही नसतो. हा विषय पुढच्या बैठकीच्या कार्यक्रमपत्रिकेवर घालण्यास कोणाची परवानगी लागत नाही. कित्येकजण उद्या बदलून महाराष्ट्रात जातील आणि शिक्षण वा अर्थ विभागाची फायल त्यांच्यापुढे येईल. त्या दिवशी समासात 'अनुत्पादक खर्च' हे दोन शब्द लिहिण्यापूर्वी, चार वर्षांनी घरीच राहावयाच्या आपल्या यंत्राकडे त्यांनी एकवार पाहावे. पंगतीत बसून पोटभर जेवणाऱ्याने निदान वाढप्याचा हात तरी धरू नये.